तंबूची जागा जानेवारीतच धरा: कॅनडाच्या पार्कांतली पहिली सुट्टी

जून उजाडला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "आई-बाबा येतायत, जुलैत बॅन्फ करायचंय, कुणी चांगली कॅम्पसाइट सांगेल का?" उत्तर द्यायला जिवावर येतं, कारण जुलैतल्या शनिवार-रविवारच्या जागा संपून तोवर चार-पाच महिने झालेले असतात. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीचं तिकीट खिडकी उघडल्यावर काही मिनिटांत कसं संपतं, हे ज्याने अनुभवलंय त्याला इथलं बुकिंग वेगळं शिकवावं लागत नाही. फक्त खिडकी कधी उघडते ते माहीत हवं.

इथे नव्याने आलेल्या आणि आयुष्यात तंबूत न झोपलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहितोय. मी टोरंटोच्या बाजूला राहतो, त्यामुळे सरावाची उदाहरणं ऑन्टारियोची आणि मोठ्या सहलीचं उदाहरण बॅन्फ-जॅस्परचं, म्हणजे पश्चिमेकडे अल्बर्टात रॉकीज डोंगरांतल्या दोन शेजारच्या उद्यानांचं, आहे. तुम्ही व्हँकुव्हर किंवा हॅलिफॅक्सला असाल तर पार्कांची नावं बदला, बाकी क्रम तोच.

१. आधी पार्क कुणाचं ते बघा

नवीन माणूस इथेच पहिल्यांदा घोटाळतो. कॅनडात 'पार्क' म्हणजे एकच खातं नाही. बॅन्फ, जॅस्पर, योहो, ब्रूस पेनिन्सुला, फंडी, ग्रोस मॉर्न ही राष्ट्रीय उद्यानं. ती केंद्र सरकारच्या पार्क्स कॅनडाकडे आहेत. हे खातं १९११ सालचं, आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळण्यासाठी निघालेलं जगातलं पहिलं. अल्गॉन्क्विन, सँडबँक्स, किलार्नी ही मात्र प्रांताची, म्हणजे ऑन्टारियो पार्क्सची. ब्रिटिश कोलंबियात बीसी पार्क्स, अल्बर्टात अल्बर्टा पार्क्स, क्युबेकात सेपाक.

मालक वेगळा म्हणजे संकेतस्थळ वेगळं, पास वेगळा आणि बुकिंगची तारीखही वेगळी. पार्क्स कॅनडाचा वर्षाचा पास घेऊन अल्गॉन्क्विनच्या गेटवर जाल तर तो तिथे चालणार नाही. बॅन्फच्या वाटेवर कॅनमोरपाशी वळून कॅननास्किसला गेलात तर तिथला गाडीचा पास आणखी निराळा.

पैशांचाही एक फरक आहे. ऑन्टारियो पार्क्समध्ये कॅम्पसाइटच्या भाड्यात एका गाडीचा प्रवेश धरलेला असतो, दुसऱ्या गाडीचे वेगळे द्यावे लागतात. राष्ट्रीय उद्यानात तंबूच्या जागेचं भाडं वेगळं आणि पार्कात शिरायची फी वेगळी.

२. खिडकी उघडण्याची वेळ

ऑन्टारियो पार्क्सचं बुकिंग तुमच्या येण्याच्या तारखेच्या बरोब्बर पाच महिने आधी, सकाळी ७ वाजता उघडतं. १० जुलैला पोचायचं असेल तर १० फेब्रुवारीला सातला पाच कमी असताना लॅपटॉप उघडून, खात्यात लॉगिन करून, पार्क निवडून तयार बसायचं.

यातली मेख लक्षात घ्या. समजा १० जुलै हा शुक्रवार आहे. कुणी बुधवार ८ तारखेपासून चार रात्री घेत असेल तर त्याची खिडकी ८ फेब्रुवारीलाच उघडते, आणि तुमचा शुक्रवार-शनिवार तो तुमच्या आधी दोन दिवस घेऊन जातो. म्हणून लोकप्रिय ठिकाणी शुक्रवारपासूनची जागा शोधणाऱ्याला सकाळी सातलाही उरलंसुरलं मिळतं. रजा टाकता येत असेल तर गुरुवारी किंवा बुधवारी पोचायचं ठरवा. रविवार ते गुरुवार जाणाऱ्याला तर एवढी धावपळ करावीच लागत नाही.

पार्क्स कॅनडाची पद्धत वेगळी. तिथे जानेवारीच्या उत्तरार्धापासून एकेका उद्यानाचं जवळजवळ पूर्ण हंगामाचं बुकिंग एकेका दिवशी उघडतं, तिथल्या स्थानिक वेळेनुसार सकाळी ८ वाजता. बॅन्फ-जॅस्परचे ८ म्हणजे टोरंटोत १० वाजतात, ते गडबडीत विसरू नका. या तारखा थंडीच्या सुरुवातीला जाहीर होतात, दिसल्या की लगेच फोनच्या कॅलेंडरवर टाका. खातं आदल्या आठवड्यातच उघडून ठेवा, पासवर्ड एकदा घालून पाहा. त्या दिवशी ८ च्या आधी संकेतस्थळावर एक प्रतीक्षागृह सुरू होतं आणि ठोक्याला तिथल्या सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक मिळतात. त्यामुळे पहाटेपासून जाऊन बसण्यात अर्थ नाही, पण ८ नंतर पोचलात तर रांगेच्या शेपटाला. आमच्याकडे मी आणि बायको दोन वेगळ्या मशीनवर बसतो. एकदा तिला एकवीसशेच्या आसपासचा नंबर आला आणि मला अठरा हजारांच्या पुढचा. तो दिवस अजून घरात निघतो.

नाहीच मिळाली जागा, तर हात टेकू नका. लोक रद्द करत राहतात. जागा सुटली की कळवा, अशी सूचना संकेतस्थळावर लावून ठेवता येते. सहलीच्या आधीच्या दोन आठवड्यांत रोज चहाच्या वेळी एकदा बघितलं तर सुटी-सुटी रात्र सापडते. दोन रात्री एका कॅम्पग्राउंडवर, तिसरी दुसरीकडे, असं जोडकाम करून आम्ही एक अख्खा आठवडा उभा केलाय.

३. पहिली खेप घराजवळ

आयुष्यातला पहिला तंबू बॅन्फमध्ये ठोकू नका. साडेतीन हजार किलोमीटरवर जाऊन पंप विसरल्याचं कळणं फार महागात पडतं. घरापासून तास-दीड तासाच्या आत, दोन रात्रींची एक रंगीत तालीम करा. मिसिसागा-ब्रॅम्प्टनकरांना ब्रॉन्टे क्रीक आहे, पूर्वेकडच्यांना डार्लिंग्टन. निसर्ग म्हणून ही ठिकाणं काही डोळे दिपवणारी नाहीत, पण तेच बरं. काही बिनसलं तर घरी येऊन झोपता येतं.

ती जमली की अल्गॉन्क्विन. १८९३ सालचं, ऑन्टारियोचं पहिलं प्रांतिक उद्यान. टोरंटोहून पश्चिम गेटपर्यंत गाडीने साधारण तीन तास. हायवे ६० हा रस्ता पार्कातून ५६ किलोमीटर जातो आणि तिथे सगळे पत्ते किलोमीटरच्या दगडावरच सांगितले जातात. लेक ऑफ टू रिव्हर्स, म्यू लेक आणि पॉग लेक ही कॅम्पग्राउंड नवख्यांना सोयीची. आंघोळीच्या खोल्या आहेत, संडास पाण्याचे आहेत.

जागा निवडताना नकाशावर नुसतं तळं जवळ आहे का बघू नका. लहान मुलं किंवा आई-बाबा बरोबर असतील तर स्वच्छतागृहापासून चार-पाच जागा सोडून घ्या. अगदी शेजारची नको, कारण रात्रभर बॅटऱ्या चमकतात आणि दार आपटतं. फार लांबचीही नको, कारण पहाटे ३ वाजता अंधारात तिथवर चालत कोण जाणार?

महिना कुठला? मेच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत अल्गॉन्क्विनच्या जंगलात ब्लॅकफ्लाय नावाची बारीक काळी माशी असते. ती चावत नाही, लचका तोडते. कानामागे आणि केसांच्या कडेला रक्त येईपर्यंत कळतही नाही. तिच्या पाठोपाठ डास. नवख्याने ऑगस्टचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर धरावा. जूनमध्येच जायचं असेल तर फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, गडद रंगावर ती माशी जास्त येते. गवतातून फिरून आल्यावर पोरांच्या गुडघ्यामागे आणि काखेत गोचीड बघायची सवय लावा, इथल्या काही गोचिडींतून लाइम रोग होतो.

४. सामान

सगळं एकदम विकत घेऊ नका. तंबू, स्लीपिंग बॅग, गॅसची शेगडी मित्रांकडून मागून आणा किंवा भाड्याने घ्या. पार्क्स कॅनडा आणि ऑन्टारियो पार्क्स दोघांचेही नवख्यांना कॅम्पिंग शिकवणारे कार्यक्रम असतात, त्यात सामानही वापरून बघता येतं. त्यांची नावनोंदणीही लवकर भरते.

तरी तीन गोष्टींबद्दल सांगतो.

तंबूवर लिहिलेला माणसांचा आकडा म्हणजे आपल्याकडे वडाप जीपमध्ये किती बसतात तसला आकडा. 'चार माणसांचा' म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून, बॅगा बाहेर. चौघांनी सहाचा घ्यावा.

थंडी वरून नाही, खालून येते. हवा भरायची गादी मऊ लागते, पण आतली हवा थंड पडली की ती पाठीला बर्फासारखी लागते. गादीखाली फोमची पातळ चटई टाका. बॅन्फमध्ये जुलैत दुपारी टी-शर्टवर फिराल आणि पहाटे पारा पाचाच्या आसपास असेल. डोंगरात वर तर उन्हाळ्यातल्या कुठल्याही महिन्यात बर्फ भुरभुरू शकतं. झोपताना दिवसभराचे कपडे बदलून कोरडे घाला, घामाने दमटलेल्या बनियनवर कितीही पांघरलंत तरी ऊब येत नाही. आणि ट्रंकेत पडलेली माकडटोपी काढा. इथल्या दुकानात त्याच कामासाठी चाळीस डॉलरच्या टोप्या आहेत.

तिसरं, जीन्स. भिजली की दोन दिवस वाळत नाही. साधी पॉलिएस्टरची ट्रॅक पँट बरी.

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका. लाकडातून झाडं मारणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. एमराल्ड ॲश बोरर नावाच्या किड्याने इथली लाखो ॲशची झाडं संपवली. लाकूड कॅम्पग्राउंडवर किंवा जवळपासच विकत घ्यायचं.

५. ताडपत्रीचा धडा

तंबूखाली ताडपत्री घालतात हे मला माहीत होतं. म्हणून पहिल्या खेपेला मी चांगली मोठी, निळी, तंबूच्या चारी बाजूंनी हातभर बाहेर येणारी ताडपत्री आणली आणि तिच्यावर तंबू उभा केला. चिखल होणार नाही, चपला काढायला जागा होईल, असा हिशेब होता. शेजारच्या जागेवरचे एक म्हातारे गृहस्थ दोनदा बघून गेले, बोलले काही नाहीत.

रात्री पाऊस आला. तंबूच्या छतावरून घरंगळलेलं पाणी थेट त्या बाहेर आलेल्या ताडपत्रीवर पडलं आणि तिच्या उतारावरून तंबूच्या खाली गेलं. म्हणजे आम्ही वरच्या पावसापासून कोरडे होतो आणि खाली आमच्यासाठी परात भरत होती. दीडच्या सुमाराला मुलीने झोपेतच "बाबा, गादी हलतेय" म्हटलं. बॅटरी लावली तर तंबूचा तळ पाण्याच्या पिशवीसारखा डुचमळत होता. उरलेली रात्र तिघांनी गाडीत काढली, काचा धुक्याने भरल्या, आणि सकाळी त्या गृहस्थांनी कॉफीचा मग घेऊन येऊन ताडपत्रीची कड आत दुमडून दाखवली.

तर ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं लहान हवी, जास्त असेल ती आत खाली दुमडायची. तंबू खळग्यात नको, थोड्या उंचवट्यावर. मेखा सरळ उभ्या ठोकू नका, डोकं तंबूपासून लांब कलतं ठेवून तिरक्या ठोका. आणि वरचं पावसाचं कापड आभाळ निरभ्र असलं तरी रात्री लावाच. हे सगळं एकदा घरच्या मागच्या अंगणात किंवा दिवाणखान्यात करून बघा. वीस मिनिटांचं काम अंधारात, माशा चावत असताना दीड तासाचं होतं.

६. वासाचा हिशेब

आता खरं महत्त्वाचं. कॅनडातल्या बहुतेक पार्कांत अस्वलं आहेत. अल्गॉन्क्विनमध्ये काळी अस्वलं, रॉकीजमध्ये काळी आणि ग्रिझली दोन्ही. कॅम्पग्राउंडवर ती माणसाच्या मागावर येत नाहीत, खाण्याच्या वासावर येतात. एकदा माणसाचं खाणं तोंडाला लागलं की ते अस्वल पुन्हापुन्हा येतं आणि शेवटी बहुतेकदा त्यालाच मारावं लागतं. म्हणून रेंजर या बाबतीत अजिबात हसत नाहीत. राष्ट्रीय उद्यानात वन्य प्राण्याला खाऊ घातलं किंवा मोह पडेल असं खाणं उघड्यावर सोडलं तर २५ हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

नियम साधा आहे. तुम्ही समोर बसून वापरत नसाल तर वास येणारी प्रत्येक वस्तू गाडीत काचा बंद करून किंवा तिथल्या लोखंडी कपाटात. तंबूत काहीच नाही.

'प्रत्येक वस्तू' म्हटल्यावर आपण डबे आणि कूलर उचलतो. पण यादी मोठी आहे: रिकामी शेगडी, धुतलेली कढई, ताटं पुसायचं फडकं, कचऱ्याची पिशवी, कुत्र्याचं भांडं, टूथपेस्ट, साबण, लिप बाम. बाबा पहिल्यांदा आमच्याबरोबर आले तेव्हा मी सगळं आवरून तंबूत शिरलो, तर आत अमृतांजनचा घमघमाट. उशाखाली ती बाटली, शेजारी आईची खोबरेल तेलाची बाटली, आणि पर्सच्या खणात "रात्री साखर कमी झाली तर" म्हणून ठेवलेले दोन राजगिऱ्याचे लाडू. रात्री ११ वाजता माझी गाडीपर्यंत फेरी. साखरेचा त्रास असणारं कुणी असेल तर गाडी तंबूला अगदी लागून ठेवा आणि किल्ली त्यांच्या उशाशी द्या.

स्वयंपाक म्हणून आपलं खाणं इथे उत्तम चालतं. भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी, पोहे, दळलेलं पिठल्याचं पीठ, भाजून घेतलेला रवा: यातल्या कशालाच बर्फ लागत नाही. घरी खिचडीचं तांदूळ-डाळ-मसाल्याचं मोजून एकेक पाकीट बांधून ठेवलं की तिथे फक्त पाणी आणि तूप. फोडणी मात्र तंबूच्या तोंडाशी देऊ नका. हिंग-लसणीचा वास कापडात शिरला की तो तुमच्या घरी आठवडाभर राहतो, जंगलात तर विचारूच नका. स्वयंपाक टेबलाच्या लांबच्या टोकाला. तंबूच्या आत शेगडी कधीच नाही, कितीही पाऊस असला तरी. आग तर लागतेच, पण बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठून झोपेत माणसं गेलेली आहेत.

भांड्यांचं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायची आपली सवय मोडावी लागते. त्यातली शितं काढून कचऱ्यात आणि पाणी नेमून दिलेल्या मोरीत. पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली भांडी घासली तर शेजारी बोलतीलच.

हे जमलं की अस्वल दिसण्याची शक्यता कॅम्पपेक्षा पायवाटेवर जास्त. रॉकीजमध्ये प्रत्येक मोठ्या माणसाच्या पट्ट्याला बेअर स्प्रे, म्हणजे अंगावर येणाऱ्या अस्वलावर मारायचा झणझणीत फवारा, हवा. बॅगेत नको, अस्वल बॅगेची चेन उघडेपर्यंत थांबत नाही. हा स्प्रे विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि चेक-इनमध्येही नाही, म्हणून कॅल्गरीला किंवा बॅन्फला उतरूनच घ्या किंवा भाड्याने घ्या. डब्यावरची मुदत बघा. सुरक्षेची क्लिप काढून, अस्वल पाच-सात मीटरवर आलं की किंचित खाली रोखून फवारायचा, वारा आपल्याकडे नाही ना हे बघून. डासांच्या मलमासारखा तो अंगाला किंवा तंबूला लावायचा नसतो, हे सांगावं लागतं कारण असं केलेली माणसं भेटली आहेत.

चालताना आवाज करत चला. छोट्या घंटा विकतात, त्यांचा उपयोग नाही. बोला, टाळ्या वाजवा, वळणावर हाळी द्या. चारचौघांत मोठ्याने बोलतो म्हणून आपल्याला इथे ऐकून घ्यावं लागतं, पण पायवाटेवर मराठी कुटुंबाइतकं सुरक्षित कुणी नाही. अस्वल, लांडगा, प्यूमा यांच्यापासून १०० मीटर, एल्क, मूस, हरीण यांच्यापासून ३० मीटर अंतर ठेवायचं. एल्क गरीब दिसतं. सप्टेंबरात माजावर आलेला नर आणि मे-जूनमध्ये पिलू जवळ असलेली मादी अजिबात गरीब नसते.

७. बॅन्फ-जॅस्परचा आठवडा

कॅल्गरीला उतरा, गाडी भाड्याने घ्या, दीड तासात बॅन्फ. १८८५ मध्ये इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवती जागा राखली गेली आणि तिथून कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांची सुरुवात झाली. भारतातून पाहुणे येत असतील आणि गाडी चालवणार असतील तर तिकडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच त्यांनी यावं.

पास: एका गाडीतल्या सात जणांपर्यंतच्या कुटुंबाला बॅन्फचा रोजचा प्रवेश २०२४-२५ मध्ये साधारण २२-२३ डॉलर होता आणि वर्षाचा डिस्कव्हरी पास साधारण १५० डॉलर. म्हणजे सात दिवस राहणार असाल तर वर्षाचा घ्या, उरलेल्या वर्षात घराजवळच्या राष्ट्रीय उद्यानांना तो फुकटच झाला. १७ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश फी नाही. सरकार मध्येच सवलतीही काढतं. २०२५ मध्ये २० जून ते २ सप्टेंबर प्रवेश मोफत होता आणि तंबूच्या जागेवर २५ टक्के सूट होती. पास घेण्याआधी त्या वर्षाचं काय आहे ते बघा.

कॅम्पग्राउंड: बॅन्फ गावाजवळ टनेल माउंटन सगळ्यात सोयीचं, जॅस्परला व्हिसलर्स. अस्वलाच्या धास्तीने घरात कुणाला झोप येणार नसेल तर लेक लुईसचं तंबूंचं कॅम्पग्राउंड बघा. त्याच्याभोवती विजेचं कुंपण आहे. आईला तिथे पहिल्या रात्री घोरताना ऐकून आम्हाला हायसं वाटलं.

मोरेन लेक: वीस डॉलरच्या जुन्या नोटेवर होतं ते तळं. तिथे २०२३ पासून खासगी गाड्यांना बंदी आहे. पार्क्स कॅनडाची बस लेक लुईसच्या स्की रिसॉर्टच्या वाहनतळावरून सुटते आणि त्याच तिकिटावर लेक लुईस आणि मोरेन लेक दोन्ही बघता येतात. जागांचा काही भाग एप्रिलमध्ये विकतात, पण मोठा भाग, साधारण ६० टक्के, प्रवासाच्या दोन दिवस आधी सकाळी ८ वाजता सोडतात. एप्रिल हुकला म्हणून रडू नका. रस्ता साधारण जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडा असतो. मेमध्ये निळं तळं बघायला गेलेल्यांना लेक लुईसवर पांढरा बर्फ भेटतो.

लेक लुईस ते जॅस्पर हा आइसफील्ड्स पार्कवेचा रस्ता २३२ किलोमीटर. आमच्यापैकी बरेच जण तो तीन तासांत उरकतात, मला तो दिवसभराचा वाटतो. पेट्रोल लेक लुईसलाच भरून घ्या, मध्ये फक्त सस्कॅचवान रिव्हर क्रॉसिंगला पंप आहे आणि तो थंडीत बंद असतो. बहुतेक वाटेवर मोबाइलला रेंज नाही. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि रात्री कुठे मुक्काम आहे ते घरी कुणालातरी सांगून ठेवा. रस्त्याकडेला चार गाड्या थांबलेल्या दिसल्या की अस्वल असणार. गाडी हळू करा, बघा, पुढे जा. खाली उतरून सेल्फी काढणारे महाभाग दरवर्षी दिसतात.

८. आई-बाबा बरोबर असतील तर

जमिनीवरून उठताना गुडघे बोलतात, हे मान्य करा. पार्क्स कॅनडाचे ओटेंटिक नावाचे लाकडी तळाचे, कॅनव्हासचे मोठे तंबू असतात. आत पलंग-गाद्या असतात, पांघरूण आपलं न्यायचं. टनेल माउंटन आणि टू जॅक इथे ते आहेत. ते तंबूच्या जागांपेक्षाही लवकर संपतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी आधी तेच बघा.

चालायला लेक लुईसच्या काठाकाठाने जाणारी सपाट वाट, जातायेता चार किलोमीटर. जॉन्स्टन कॅनियनचा खालचा धबधबा. जॅस्परजवळ मलीन कॅनियन. लेक ॲग्नेसच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा मोह होतो, पण ती एका बाजूने साडेतीन किलोमीटर आणि जवळपास चारशे मीटर चढ आहे. पर्वती रोज चढणाऱ्याला जमेल, इतरांना खालीच बसवा.

पाहुण्यांचा आरोग्य विमा काढलाय ना, आणि त्यात आधीपासूनचे आजार धरलेत ना, हे तिकिटाच्या आधी बघा. प्रांताचं आरोग्य कार्ड त्यांना लागू नाही. रोजच्या गोळ्या तंबूत नाही, गाडीच्या पुढच्या खणात.

९. आग आणि धूर

शेकोटी हा मुलांचा जीव की प्राण, पण उन्हाळ्यात कुठल्याही दिवशी बंदी येऊ शकते. त्या दिवशी सकाळी पार्काच्या संकेतस्थळावर बघा. बंदीतही गॅसची शेगडी बहुतेकदा चालते, म्हणून जेवणाचा भरवसा लाकडावर ठेवू नका. शेकोटी विझवताना पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी. वरून हात फिरवल्यावर ऊब लागता कामा नये.

२२ जुलै २०२४ च्या रात्री वणव्यामुळे जॅस्पर गाव आणि पार्क मिळून सुमारे २५ हजार माणसांना बाहेर काढावं लागलं. त्यात तंबूत झोपलेले कितीतरी पर्यटक होते. दोन दिवसांनी आग गावात शिरली आणि गावातल्या जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या. तेव्हापासून रॉकीजमध्ये आम्ही पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देत नाही, पासपोर्ट आणि औषधं एका पिशवीत गाडीतच ठेवतो, आणि गाडी तोंड रस्त्याकडे करून लावतो. ऑगस्टमध्ये धुरामुळे डोंगर दिसेनासे होतात, दम्याचं कुणी असेल तर जुलै किंवा सप्टेंबर बरा.

१०. निघायचा दिवस

राष्ट्रीय उद्यानात साधारण ११ वाजता जागा सोडायची असते, ऑन्टारियो पार्क्समध्ये २ वाजता. पोरांनी खिशात भरलेले दगड, पिसं, शिंगाचे तुकडे परत ठेवायला लावा. राष्ट्रीय उद्यानातून यातलं काहीही नेणं गुन्हा आहे. परतीच्या विमानाआधी बेअर स्प्रे कॅम्पग्राउंडवर नव्याने आलेल्या कुणालातरी देऊन टाका, लोक आनंदाने घेतात.

तंबू ओलाच गुंडाळावा लागतो, दहिवर असतंच. घरी आल्यावर दमलेले असलात तरी त्याच संध्याकाळी तो काढून बाल्कनीत किंवा बाथरूमच्या दांडीवर पसरा. आमचा पहिला तंबू पिशवीत दोन आठवडे राहिला होता. उघडला तेव्हा त्यावर काळी बुरशी आली होती आणि वास पावसाळ्यातल्या गोणपाटाचा. धुऊनही तो गेला नाही. आता त्यात बागेची अवजारं असतात.